विहिरीतली बैठक

हल्ली आपल्या लोणंदकडे घरापुढे फरशी घालतात. पाहुण्यांची सोय होते खरी, पण उन्हाळ्यात दुपारी तीवर पाय ठेववत नाही! बसण्याची जागा बांधण्याआधी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर एकदा पाहून यावी.

शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. बारा मोटा एका वेळी चालाव्यात, भोवतालची आमराई भिजावी, हा हेतू. खोली सुमारे ११० फूट. पायऱ्या उतरून गेले की विहिरीच्या पोटातच एक लहानसा महाल लागतो. खांबांवर कोरीव काम, वर बसायला ऐसपैस जागा. हाच महाल माळावर बांधला असता तर तापला असता. इथे भोवती जाड दगड आणि खाली पाणी, म्हणून भर वैशाखातही गारवा. बागेसाठी जे पाणी उपसायचे, त्याच्याच सोबतीला बैठक. विसाव्यासाठी वेगळे पाणी खर्ची पडले नाही. मला तर हे तिथल्या कोरीव वाघांपेक्षा मोलाचे वाटते.

मोरीचे पाणी केळीला सोडून तिच्या सावलीत बाज टाकायची आपली युक्ती याच जातीची. मोटा केव्हाच थांबल्या. महाल मात्र उभा आहे. उतरताना पायरी तेवढी जपून.