परमुलखातील शिक्षण, परभणी जिल्ह्यातील

परमुलखातील शिक्षण : हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यातून मुलांना संस्थानाबाहेर, ब्रिटिश अमलाखालील प्रदेशातील शाळांत पाठविण्याची पद्धत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेपासून (१९१८) संस्थान भारतात विलीन होईपर्यंत (१९४८), सुस्थितीतील मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहिला. सरकारी शाळा घराजवळ होती व तेथील शिक्षण नोकरीला उपयोगी होते. मात्र वरच्या इयत्तांत तिचे माध्यम उर्दू होते. संस्थानाबाहेरील शाळेत स्वभाषेचे वातावरण होते. मात्र तीसाठी घर सोडावे लागे. वरवर हा माध्यमाचा प्रश्न दिसत असला, तरी मुलाने पुढे कोणत्या राज्यात व कोणत्या समाजात आयुष्य काढावयाचे, याचा निर्णय त्यात गुंतलेला असे.

पार्श्वभूमी : हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी, कन्नड व उर्दू या प्रमुख भाषा होत्या. लोकसंख्येपैकी सुमारे निम्मे लोक तेलुगू व सुमारे एकचतुर्थांश मराठी भाषिक होते. उर्दू मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण त्यांहून बरेच कमी होते. परभणी जिल्हा बहुसंख्येने मराठी भाषिक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. न्यायालय, महसूल व पोलीस या खात्यांत उर्दूवाचून प्रवेश नव्हता. प्राथमिक शाळांच्या खालच्या वर्गांत मातृभाषेला जागा होती. पुढे मात्र उर्दूचा अंमल सुरू होई.

तत्कालीन परभणी जिल्ह्यात सध्याचा हिंगोली जिल्हा व परतूरचा परिसर यांचा समावेश होता. उत्तरेस पैनगंगेपलीकडे वऱ्हाड होते. तो प्रदेश १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली होता व १९०२ च्या करारान्वये कायम पट्ट्याने त्यांच्याकडे गेला. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाच्या साधारण मध्यावर परभणी आहे. एका टोकाकडील गाडी निजामाच्या राजधानीकडे, तर दुसऱ्या टोकाकडील मनमाडमार्गे नासिक, पुणे व मुंबईकडे नेई. पूर्णा–हिंगोली फाटा १९१२ मध्ये सुरू झाल्यावर वऱ्हाडातील वाशीमकडे जाणेही सुलभ झाले. सीमेपलीकडील लोक निजामाच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. दोहोंकडील भाषा, सण व सोयरीक एकच होती. शाळा मात्र वेगळ्या होत्या.

उपलब्ध पर्याय : पहिला पर्याय सरकारी शाळेतून उस्मानिया मॅट्रिक होण्याचा. उस्मानिया विद्यापीठात १९१९ मध्ये अध्यापन सुरू झाले. विज्ञान, वैद्यक, कायदा इ. सर्व विषय भारतीय भाषेतून शिकविणारे ते देशातील पहिले आधुनिक विद्यापीठ होय. पाठ्यपुस्तकांसाठी त्याच्या भाषांतर विभागाने मोठे काम केले. देशी भाषेतून उच्च शिक्षण हे तत्त्व पुरोगामी होते. परंतु निवडलेली देशी भाषा राज्यातील बहुसंख्य प्रजेची नव्हती. परभणीच्या मराठी मुलास उर्दू ही इंग्रजीइतकीच परकी होती.

दुसरा पर्याय इंग्रजी माध्यमाच्या शालान्त परीक्षेचा. ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास हैदराबादच्या निजाम कॉलेजात प्रवेश मिळू शके. हे महाविद्यालय १८८७ मध्ये स्थापन झाले व १९४७ पर्यंत मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. या मार्गाच्या शाळा थोड्या असल्याने जिल्ह्यातील मुलास त्यासाठीही बहुधा गाव सोडावे लागे.

तिसरा पर्याय परमुलखाचा. वऱ्हाड, अहमदनगर, सोलापूर, नासिक, पुणे येथील शाळांत खालच्या इयत्ता मराठीतून शिकता येत. वरच्या इयत्तांत इंग्रजी असले, तरी मराठीचा अभ्यास सुटत नसे. वृत्तपत्रे, सभा, वाचनालये व राष्ट्रीय चळवळ यांचा सहवास लाभे. नागपूर विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१९२३) वऱ्हाडाकडील मार्ग पुढे उच्च शिक्षणापर्यंत जाऊ लागला.

खर्च व अडचणी : संस्थानाचे नाणे वेगळे होते. ब्रिटिश मुलखात ‘कलदार’ रुपयाच चाले आणि १०० कलदार रुपयांसाठी सुमारे ११६ ‘हाली’ रुपये मोजावे लागत. साहजिकच शुल्क, भोजन व निवास यांचा प्रत्येक खर्च घरी पाठविलेल्या हिशेबात सहाव्या हिश्श्याने वाढे. संस्थानातील कागदपत्रांवर फसली सन व आजूर, दय इ. महिने असत, साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. मुले नातेवाइकांकडे, वसतिगृहात किंवा वार लावून राहत. मुलींना असे दूर ठेवण्याचा विचार फारच थोड्या घरांत होई. कूळ, शेतमजूर व दलित कुटुंबांना तर निवडीचा प्रश्नच नव्हता. अनेक गावांत कोणतीच शाळा नव्हती. परमुलखातील शिक्षण ही मुख्यतः वतनदार, वकील, व्यापारी व नोकरदार कुटुंबांची सोय राहिली.

परतल्यावरही अडचण संपत नसे. १९१९ च्या मुल्की नियमांनी सरकारी नोकऱ्या संस्थानच्या रहिवाशांसाठी राखल्या होत्या. परमुलखात शिकलेला तरुण जन्माने मुल्की असला, तरी उर्दू लिहिता न आल्यास कचेरीत निरुपयोगी ठरे. उलट, उर्दूतून शिकलेल्यास संस्थानाबाहेर आपल्या शिक्षणाचे मोल कमी झालेले आढळे.

खासगी शाळा : या कोंडीतून निघालेला चौथा मार्ग म्हणजे संस्थानातच मराठी समाजाने काढलेल्या खासगी शाळा. हैदराबादचे विवेक वर्धिनी व गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (दोन्ही १९०७), औरंगाबादचे सरस्वती भुवन (१९१५), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१), अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय या त्यांपैकी प्रमुख होत. परभणी जिल्ह्यात सेलू येथील नूतन विद्यालय याच परंपरेतील. स्वामी रामानंद तीर्थ हे १९२९ पासून हिप्परगा येथे व १९३५ पासून अंबाजोगाई येथे अध्यापन करीत होते. खासगी शाळेस सरकारची पूर्वपरवानगी लागे व तिच्यावर सरकारी देखरेख असे. तथापि परमुलखात जाऊन जे मिळवावयाचे, त्याचा बराचसा भाग या शाळांनी जवळ आणला. १९३७ मध्ये परतूर येथे परभणीचे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. शाळांतून घडलेल्या जागृतीला त्यामुळे व्यासपीठ लाभले.

१९३८ नंतर : १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या व नंतर हैदराबादेतील उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही व अनेकांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात, त्यांना प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक. आतापर्यंत पालकांच्या इच्छेने होणारे स्थलांतर या वेळी विद्यार्थ्यांच्या निर्धारातून घडले. १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमेलगतची अनेक कुटुंबे मुलांबाळांसह वऱ्हाडात गेली. त्या वेळी निवड उरली नव्हती. शाळेचे वर्ष बुडणे ही त्या विस्थापितांची सर्वांत लहान हानी होती.

सरकारी मार्गाने किंवा राजधानीत शिकलेल्यांनीही मराठी वाङ्मयात मोलाची भर घातली. कवी व कथाकार बी. रघुनाथ (१९१३–५३) हैदराबादेत मॅट्रिक झाले व निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी केली. कुरुंदा या गावी जन्मलेले विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–८२) वसमत येथील शालेय शिक्षणानंतर हैदराबादच्या सिटी कॉलेजात गेले. यावरून माध्यमाने प्रतिभा ठरत नसली, तरी तिला ओलांडावे लागणारे अंतर ठरते, असे दिसते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. उस्मानिया विद्यापीठाने उर्दूऐवजी इंग्रजी माध्यम स्वीकारले. मराठी मुलांची कोंडी फुटली. मात्र उर्दूतून शिकत असलेल्यांना, त्यांत मराठी मुलेही होती, परिभाषा अर्ध्यावर बदलावी लागली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व १९७२ मध्ये परभणी येथेच कृषी विद्यापीठ निघाले. पैनगंगा ही आता या भागात दोन राज्यांची सीमा राहिली नाही आणि परमुलूख ही संज्ञाच लोप पावली. राज्यकारभाराची भाषा व घरातील भाषा यांत अंतर पडले, की त्याची किंमत प्रथम शाळकरी मुलांना द्यावी लागते, हे या जिल्ह्याच्या तीन दशकांच्या अनुभवाचे सार होय.