डी-डायमर: गवाह आहे, काझी नाही

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या घराघरांत काही नवे शब्द शिरले. ऑक्सिजन लेव्हल, सीटी स्कोअर, सीआरपी आणि डी-डायमर. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे एखादा शब्द कुठून आला हे शोधायची मला सवय आहे. आमच्या मोहल्ल्यात डी-डायमर हा शब्द लोक कोर्टाच्या निकालासारखा उच्चारत होते. मोबाइलवर रिपोर्टचा फोटो यायचा, त्यात ठळक छापलेला एक आकडा असायचा आणि खाली प्रश्न, "मास्तर, आता काय होणार?" घरीच बरी होत आलेली माणसेही दर चार दिवसांनी ही तपासणी करून घेत होती. कुणी आकडा पाहून डॉक्टरांना न विचारता रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू केल्या होत्या.

मी डॉक्टर नाही. पण या आकड्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत असेल तर रिपोर्ट हातात आल्यावर माणूस घाबरून चुकीचे पाऊल टाकणार नाही, असे मला वाटते.

सुरुवात दमिश्क आणि कैरोपासून करू. तेराव्या शतकात दमिश्कजवळ जन्मलेले आणि पुढे कैरोत स्थायिक झालेले हकीम इब्न अल-नफीस यांनी इब्न सिनांच्या ग्रंथातल्या शरीररचनेवर भाष्य लिहिले. त्या काळी युनानी वैद्य गेलेनचे मत प्रमाण मानले जाई. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे जाते, असे ते मत. इब्न अल-नफीस यांनी लिहिले की हा पडदा भरीव आहे, तिथे छिद्र नाही. रक्त उजव्या बाजूने फुप्फुसात जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या बाजूला येते. 1288 मध्ये ते वारले. त्यांचे हे काम पुढे विसरले गेले आणि 1924 मध्ये मुह्यिद्दीन अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टराला बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात ते सापडले.

आपल्याकडे इब्न अल-नफीस यांचे नाव अभिमानाने घेतात, ते योग्यच आहे. पण अभिमान कशाचा, हेही पाहावे. ज्या गेलेनला सगळे मानत होते आणि खुद्द इब्न सिनाही ज्याच्या मागे गेले होते, त्याचे म्हणणे त्यांनी तपासल्याशिवाय स्वीकारले नाही. आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेनेच पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात पोचते. पायातली शीर, हृदयाची उजवी बाजू आणि तिथून थेट फुप्फुस.

हे गुठळीचे कोडे 1840 च्या दशकात बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी सोडवले. फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत सापडणारी गुठळी पुष्कळदा तिथली नसते, ती दुसरीकडे तयार होऊन वाहत आलेली असते, हे त्यांनी शवविच्छेदनांतून आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले. गुठळी होण्याची तीन कारणे आज त्यांच्या नावाने शिकवली जातात. रक्ताचा वेग मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याचा गुण वाढणे. हेच फिर्खो 1848 मध्ये अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला सरकारतर्फे गेले. त्यांनी आणलेल्या अहवालात औषधांपेक्षा गरिबी, शिक्षण आणि तिथल्या पोलिश लोकांच्या भाषेचा हक्क यांवर भर होता. लोकांना कळत नाही अशा भाषेत कारभार चालला तर साथ आणखी जीव घेते, हे त्यांनी ओळखले होते.

आता शब्दाकडे येऊ. जखम झाली की रक्तातले फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन फायब्रिनच्या धाग्यांत बदलते. हे धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. काम झाल्यावर प्लाझ्मिन नावाचा पदार्थ हे जाळे कातरतो. कातरताना जे तुकडे पडतात त्यांत 'डी' नावाचे दोन भाग जोडलेलेच राहतात. दोघांची जोडी म्हणून डायमर. म्हणजे डी-डायमर ही गुठळी नव्हे. कुठेतरी जाळे विणले गेले आणि ते उसवलेही जात आहे, याची ती खूण. शिंप्याच्या दुकानात पडलेल्या चिंध्या पाहून काम झाले एवढे कळते. सदरा शिवला की शेरवानी, हे कळत नाही.

रक्तातल्या या चिंध्या नेमक्या मोजायची तपासणी 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या संशोधकांच्या कामातून आली. पुढच्या दशकात तिचा खरा उपयोग कळला. गरोदरपण, म्हातारपण, शस्त्रक्रिया, कर्करोग, कोणताही मोठा जंतुसंसर्ग, या सगळ्यांत हा आकडा वाढतो. म्हणून आकडा जास्त आला तर त्यावरून फारसे ठरत नाही. पण रुग्णात गुठळीची शक्यता मुळातच कमी असेल आणि आकडाही कमी आला, तर गुठळी नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. कॅनडाचे डॉक्टर फिलिप वेल्स यांनी लक्षणांना गुण देण्याची पद्धत बसवली, ती याचसाठी: आधी रुग्णाला तपासा, मग आकडा पाहा. 2014 मध्ये एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने वयाचा हिशेबही दाखवला. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येईल ती मर्यादा धरली तरी चालते. सत्तर वर्षांच्या माणसाला 500 ऐवजी 700.

मग 2020 उजाडले. वुहानच्या तोंगजी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोरोना न्यूमोनियाच्या 183 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. जे वारले त्यांचा दाखल होतानाचा मधला डी-डायमर 2.12 होता, जे वाचले त्यांचा 0.61. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागातल्या 184 रुग्णांपैकी 31 टक्क्यांना गुठळ्यांचा त्रास झाला. जर्मनीत हॅम्बुर्गला पहिल्या 12 शवविच्छेदनांत 7 जणांच्या शिरांत गुठळ्या सापडल्या आणि मृत्यूपूर्वी त्यांचा संशयही आला नव्हता. फ्लूने आणि कोरोनाने मेलेल्यांची फुप्फुसे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा कोरोनाच्या फुप्फुसांत केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या नऊ पटींनी जास्त दिसल्या. फिर्खोंची तिन्ही कारणे एकाच रुग्णात जमली होती: खाटेवर पडून मंदावलेले रक्त, विषाणूने आणि दाहाने सुजलेले अस्तर आणि गोठायला उतावीळ झालेले रक्त.

इथेच आपल्याकडे गवाहाला काझी केले गेले. आकडा वाढलेले रुग्ण जास्त दगावतात, हे खरे. पण त्यावरून 'आकडा वाढला की औषध वाढवा' हे सिद्ध होत नाही. ते तपासावे लागते, आणि ते तपासले गेले. ब्राझीलमध्ये डी-डायमर वाढलेल्या 600 हून अधिक दाखल रुग्णांवर चाचणी झाली. रक्त पातळ करणारे औषध पूर्ण मात्रेत दिल्याने फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ऑगस्ट 2021 मध्ये अनेक देशांच्या एकत्रित चाचण्यांचे निकाल आले. मध्यम आजारी दाखल रुग्णांना हेपॅरिनच्या पूर्ण मात्रेचा फायदा दिसला, आणि तो आकडा कमी असलेल्यांतही दिसला. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना त्याच मात्रेचा फायदा झाला नाही. घरी असलेल्या सौम्य रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणी तर मध्येच थांबवली, कारण त्यांच्यात गुठळ्या होण्याचे प्रमाणच फार कमी निघाले. भारतात मे 2021 च्या सुरुवातीला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात अशा तपासण्यांची गरज नाही असे जाहीरपणे सांगितले होते. तरी लॅबसमोरची रांग हटली नाही.

त्या दिवसांत शेजारच्या एका खालांनी मला हळू आवाजात विचारले होते, "मास्तर, यांना पोटात रोज सुई देतात ती डुकरापासून बनवतात म्हणे. खरं का?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. हेपॅरिन 1916 च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरला कुत्र्याच्या यकृतावर काम करताना सापडले. ग्रीक भाषेत यकृताला 'हेपार' म्हणतात, त्यावरून हे नाव. पुढे ते गुराढोरांच्या फुप्फुसांपासून आणि मग मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून बनू लागले. रुग्णालयात सर्रास दिले जाणारे इनॉक्सापॅरिन त्यापासूनच बनते. फॉन्डापॅरिनक्स नावाचे कृत्रिम औषधही आहे, पण ते प्रत्येक रुग्णाला चालते असे नाही. मी खालांना खरे ते सांगितले, आणि हेही सांगितले की जीव वाचवण्याची मजबुरी असेल आणि दुसरा इलाज हाताशी नसेल तर मनाई उठते, हे आपल्या फिकहचे जुने तत्त्व आहे. डॉक्टरांना पर्याय विचारा. नाही म्हणाले तर सुई घेऊ द्या. हे लपवून ठेवले की संशय वाढतो, आणि संशयापोटी एखादा रुग्ण औषध नाकारतो.

कोरोना मागे पडला, पण दर हिवाळ्यात ताप-खोकल्याच्या साथी येतात आणि हा रिपोर्ट पुन्हा हातात पडतो. तेव्हा पहिल्यांदा एकक पाहा. एकच नमुना एका लॅबमध्ये 0.5 तर दुसरीत 500 दिसू शकतो, आणि मोजणीच्या दोन पद्धतींत दुपटीचा फरक पडतो. मग वय, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया डॉक्टरांना सांगा. एका पायाला सूज, अचानक धाप, छातीत कळ किंवा थुंकीतून रक्त असेल तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. आणि यातले काही नसेल, माणूस घरी चालतो-फिरतो आहे, जेवतो आहे, तर ही तपासणी हवीच का, हे रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारा.