अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांनाही इतिहास का घ्यावा लागतो? 'हायब्रिड' कोर्स नेमका कसा चालतो?

कॉम्प्युटर सायन्सची पदवी घ्यायला अमेरिकेत गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात पहिल्या-दुसऱ्या वर्षी एक अनपेक्षित विषय येतो: आधुनिक अमेरिकेचा इतिहास. नावापुढे बऱ्याचदा 'हायब्रिड' असं लिहिलेलं असतं, म्हणजे काही तास वर्गात आणि काही ऑनलाइन.

इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करायच्या आणि अर्धा ऑनलाइन म्हणजे अर्धी मेहनत, असं गृहीत धरून अनेक जण हा कोर्स घेतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. त्याचा फटका मार्कांना बसतो आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रश्न व्हिसापर्यंत जाऊ शकतो.

इंजिनिअरला इतिहास कशाला?

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या टप्प्यात मुख्य विषयाबरोबर 'जनरल एज्युकेशन'चे विषय घ्यावे लागतात. लेखन, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, इतिहास वगैरे. शाखा कोणतीही असो, त्यातून सुटका नसते.

काही राज्यांत इतिहासाची सक्ती आणखी स्पष्ट आहे. टेक्सासमध्ये सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची तर अमेरिकन इतिहासाचे ६ क्रेडिट कायद्यानेच लागतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतही अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना यांची अट पूर्ण करावी लागते.

'आधुनिक' म्हणजे कधीपासून?

हा इतिहास साधारणपणे दोन कोर्सेसमध्ये विभागलेला असतो. दुसरा भाग १८६५ किंवा १८७७ पासून सुरू होतो. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. १८७७ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांवरचा केंद्रीय लष्कराचा अंकुश उठला आणि कृष्णवर्णीयांना नुकतेच मिळालेले हक्क हळूहळू हिरावले जाऊ लागले.

तिथून पुढे कारखानदारी, स्थलांतरितांच्या लाटा, १९२० चा महिलांचा मताधिकार, १९२९ ची मंदी, दुसरं महायुद्ध, शीतयुद्ध, नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनाम आणि ११ सप्टेंबर २००१ नंतरचा काळ असा प्रवास एका सत्रात करायचा असतो.

हायब्रिड म्हणजे काय आणि वेळ किती लागतो?

पूर्ण ऑनलाइन कोर्समध्ये वर्गात जावं लागत नाही. हायब्रिडमध्ये ठरलेल्या दिवशी वर्गात हजेरी लागते आणि उरलेल्या तासांचं काम कॅनव्हास, ब्लॅकबोर्ड किंवा मूडलसारख्या प्रणालीवर होतं. ऑनलाइन भाग किती असावा, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं.

वेळेचं गणित मात्र बदलत नाही. केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार एका क्रेडिटसाठी साधारण १५ आठवडे, दर आठवड्याला वर्गातला १ तास आणि बाहेरचा किमान २ तास अभ्यास धरला जातो. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला ९ तास. हाच कोर्स ८ आठवड्यांचा असेल, तर आठवड्याला जवळपास १७ तास. हायब्रिडमध्ये वर्गाचे तास कमी होतात, पण तेवढंच काम स्क्रीनवर येतं.

एका आठवड्यात काय करावं लागतं?

दुसऱ्या महायुद्धाचं उदाहरण घेऊ. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 'कार्यकारी आदेश ९०६६' वर सही केली. त्यानंतर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं-दुकानं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते.

पाठ्यपुस्तकात हे दोन-तीन पानांत संपतं. कोर्समध्ये मात्र मूळ आदेश वाचायला देतात, आणि त्यात 'जपानी' हा शब्दच सापडत नाही. लष्करी अधिकारी ठरावीक भागांतून 'कोणत्याही व्यक्तीला' हटवू शकतील, एवढंच त्यात म्हटलं आहे. मग प्रश्न येतो: ज्यात कोणाचं नाव नाही, तो कायदा एकाच समाजाविरुद्ध कसा वापरला गेला?

जोडीला डोरोथिया लँग यांनी काढलेले फोटो असतात. सरकारनेच त्यांना या कामावर नेमलं होतं, पण त्यांचे फोटो लष्कराने युद्ध संपेपर्यंत लोकांसमोर येऊ दिले नाहीत. १९४४ चा कोरेमात्सू खटलाही वाचायचा असतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली होती. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि छावण्यांतून गेलेल्या, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई देऊ केली.

विद्यार्थ्याने हे वाचून चर्चा-फलकावर आपलं मत पुराव्यासह लिहायचं, वर्गमित्रांच्या मतांना उत्तर द्यायचं आणि मुदतीत छोटी चाचणी द्यायची. नंतर वर्गात त्यावर वाद होतो. ऑनलाइन वाचन न करता आलेल्याला त्या दिवशी बोलण्यासारखं काही नसतं.

मार्क तारखेला नव्हे, पुराव्याला असतात. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात काय गाळलं, याचं उत्तर निबंधात द्यावं लागतं. फॉरवर्ड झालेला मेसेज तपासताना नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात.

या इतिहासात भारतीय कुठे आहेत?

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात काम केलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं. भारतीय हे कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत, असा तो निकाल होता. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली, पण स्थलांतराचा कोटा होता वर्षाला फक्त १००. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली. त्यानंतर भारतातून डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने जाऊ लागले. आज शिकागो किंवा न्यू जर्सीत मराठी मंडळाचा गणेशोत्सव होतो, त्याच्या मुळाशी हा कायदा आहे.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची माहिती मागवली होती. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात कोणालाही पाहता येतं.

व्हिसाचा नियम काय सांगतो?

एफ-१ व्हिसावरच्या पदवी विद्यार्थ्याला साधारणपणे सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. त्यात पूर्ण ऑनलाइन असलेला एकच विषय किंवा ३ क्रेडिट धरले जातात. वर्ग, परीक्षा किंवा कोर्स पूर्ण करायला आवश्यक अशा इतर कामासाठी प्रत्यक्ष हजेरी लागत असेल, तर तो कोर्स या मर्यादेत येत नाही. म्हणून 'हायब्रिड' आणि 'ऑनलाइन' या शब्दांतला फरक महत्त्वाचा ठरतो. शंका असेल तर नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावं.

नाव नोंदवताना काय तपासावं?

- वर्गाचे दिवस आणि परीक्षा कुठे होणार, ते सिलॅबसमध्ये पाहावं.
- उशिरा दिलेल्या कामाचे किती मार्क कापतात आणि एआय वापरायची परवानगी आहे का, हे शिक्षकागणिक बदलतं.
- केवळ लॉग-इन केल्याने सहभाग धरला जात नाही. सरकारी आर्थिक मदतीचे नियमही हेच सांगतात. चाचणी, लेखन, चर्चा अशी नोंद लागते.
- कम्युनिटी कॉलेजातून पुढे विद्यापीठात जायचं असेल, तर हे क्रेडिट तिथे धरले जातील का, हे आधीच विचारावं.
- कोर्स सोडण्याची शेवटची तारीख लिहून ठेवावी. व्हिसावर असणाऱ्यांनी कोर्स सोडण्याआधी परवानगी घ्यावी, कारण क्रेडिट १२ च्या खाली गेले तर अडचण होते.

कॉलेजात न जाता वाचायचं असेल तर?

राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाचं अमेरिकन इतिहासाचं पाठ्यपुस्तक आणि अनेक इतिहासकारांनी मिळून लिहिलेलं 'द अमेरिकन यॉप' ही दोन्ही पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत. मूळ कागदपत्रं आणि फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेस व अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेबसाइटवर मिळतात. आदेश ९०६६ सुद्धा तिथे आहे, आणि तो काही मिनिटांत वाचून होतो.