टेलिप्रिंटरची बोली आणि यूएसबीचा दुभाषा

विद्यार्थ्यांनी हौसेने आणलेला आर्डुइनो बोर्ड आपण संगणकाला जोडतो. बोर्डावरचा दिवा लागतो. पण संगणकाच्या यादीत ‘कॉम पोर्ट’ काही दिसत नाही. बोर्ड बिघडला असे समजून तो कपाटात ठेवला जातो. प्रत्यक्षात अनेकदा उणीव असते ती ड्रायव्हर नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमची. त्याची गरज का पडते, हे समजण्यासाठी आपल्याला तारायंत्राच्या काळात जावे लागेल.

फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये प्रत्येक अक्षरासाठी पाच समान लांबीच्या खुणा वापरणाऱ्या पद्धतीचे पेटंट घेतले. ‘बॉड’ हे वेगाचे एकक त्यांच्याच नावावरून आले. पण एकाच तारेवरून खुणा एकामागून एक येऊ लागल्या, तर नवे अक्षर कोठे सुरू झाले हे पलीकडच्या यंत्राने कसे ओळखावे? विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या चार्ल्स व हॉवर्ड क्रम या पितापुत्रांनी अक्षराच्या आधी ‘आरंभ’ आणि शेवटी ‘थांबा’ अशा खुणा जोडून हा प्रश्न सोडवला. दोन्ही यंत्रांचा वेग आधी ठरलेला असला की पुरे. पुढे टेलिप्रिंटर याच पद्धतीवर चालले.

संगणक आले तेव्हा त्यांच्याशी ‘बोलायला’ टेलिप्रिंटर तयारच होते. १९६० मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने आरएस-२३२ हे मानक ठरवले. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. मोडेम, माउस, प्रयोगशाळेतील उपकरणे अशा अनेक गोष्टी या सीरियल पोर्टला जोडल्या जात.

१९९६ मध्ये यूएसबी आले. ते घडवणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, इंटेलमधील अजय भट्ट प्रमुख होते. येथे शिस्त निराळी. माहिती पुडक्यांतून जाते, आणि बोलण्याची पाळी कोणाची ते संगणक ठरवतो. जोडताच उपकरण आपली ओळख दोन क्रमांकांनी देते : एक उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. त्यांवरून संगणक योग्य ड्रायव्हर शोधतो.

जुने पोर्ट हळूहळू नाहीसे झाले, पण मायक्रोकंट्रोलरच्या पोटात टेलिप्रिंटरची बोली तशीच राहिली. म्हणून मध्ये दुभाषा लागतो. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची एफटी२३२ किंवा चीनमधील सीएच३४० ही चिप बोर्डाच्या बाजूने भाषांतर करते. संगणकाच्या बाजूने ड्रायव्हर, जणू जुना सीरियल पोर्टच जोडलेला आहे, असे इतर प्रोग्रॅमना भासवतो.

त्या दोन क्रमांकांवर किती अवलंबून आहे, हे ऑक्टोबर २०१४ मध्ये दिसले. विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपमधील वस्तू-क्रमांक शून्य केला. चिप विद्युतदृष्ट्या धडधाकट होती. पण ओळखच पुसली गेल्याने संगणक तिला दाद देईना. आपल्या उपकरणात नकली चिप आहे, याची अनेक ग्राहकांना कल्पनाही नव्हती. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. क्रमांक पुन्हा लिहून अशा चिपा सुरूही करता येत होत्या.

तेव्हा बोर्ड कपाटात ठेवण्यापूर्वी केबल माहिती वाहणारी आहे ना, केवळ चार्जिंगची नाही ना, हे पाहावे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर आयडी’खाली ते दोन क्रमांक मुलांना शोधू द्यावेत, त्यांवरून चिप ओळखावी आणि तिच्या उत्पादकाकडूनच ड्रायव्हर घ्यावा.

बोर्ड बोलू लागला की आणखी एक प्रयोग करावा. बोर्डाचा वेग ९६०० बॉड ठेवून संगणकाच्या खिडकीत मुद्दाम ४८०० निवडावा. पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतील. एका अक्षराला आरंभ, आठ बिट व थांबा मिळून १० खुणा लागतात. मग ९६०० बॉडला सेकंदाला किती अक्षरे जातील, हे मुलांनीच काढावे. क्रम पितापुत्रांची युक्ती त्यांना आपोआप समजेल.