साखर कारखान्याच्या आवारातून संगणक कंपनीच्या दारापर्यंत : अहमदनगर जिल्ह्यातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या नोकरीपूर्व तयारीचा इतिहास

प्रस्तावना

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) शैक्षणिक इतिहासाचे लेखन बहुधा संस्थांच्या स्थापनेपाशी सुरू होते आणि इमारतींच्या उद्घाटनापाशी संपते. त्या संस्थांतून बाहेर पडलेला विद्यार्थी नोकरीच्या दारात कसा उभा राहिला, त्यासाठी त्याने कोणती तयारी केली आणि ती तयारी कोणाच्या अपेक्षेनुसार घडली, याची नोंद क्वचितच होते. प्रस्तुत लेखात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतील अभियंत्याच्या नोकरीपुरता हा प्रश्न विचारला आहे. १९८३ नंतरच्या चार दशकांत या तयारीचा आशय ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाकडून हळूहळू भरती करणाऱ्या कंपन्यांकडे गेला, आणि या स्थित्यंतराचा भार ग्रामीण, मराठी माध्यमातील विद्यार्थ्यावर सर्वाधिक पडला, असे येथे प्रतिपादन आहे.

सहकारातून अभियांत्रिकीकडे

लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. सहकाराच्या पुढच्या पिढीने शिक्षणसंस्था काढल्या. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी लोणी (प्रवरा), कोपरगाव (संजीवनी) व संगमनेर (अमृतवाहिनी) येथे अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. तिन्ही ठिकाणचे नेतृत्व साखर कारखानदारीतूनच आलेले होते. तोपर्यंत या भागातील मुलाला अभियंता होण्यासाठी पुणे, सांगली, कऱ्हाड किंवा औरंगाबाद गाठावे लागे, आणि तेथील मोजक्या जागांसाठी मोठी चुरस असे.

याच सुमारास सॉफ्टवेअर उद्योग पुण्यात मूळ धरू लागला होता. टाटा समूहाचे संशोधन केंद्र (टीआरडीडीसी) १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाले. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने मात्र १९८३ मध्ये, म्हणजे वरील तीन महाविद्यालये निघाली त्याच वर्षी, आपले बिऱ्हाड बंगळूरला हलविले. हा निव्वळ योगायोग होय. परंतु पुढे याच महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांचा प्रवास त्याच वाटेने झाला.

विनाअनुदानित शिक्षणाचे शुल्क मोठे होते. उन्नीकृष्णन खटल्यातील निकालानुसार (१९९३) अशा महाविद्यालयांतील निम्म्या जागा अल्प शुल्काच्या झाल्या आणि लहान शेतकऱ्यांच्या मुलांना काहीसा अवकाश मिळाला. टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यातील निकालाने (२००२) ती व्यवस्था मोडीत निघाली. पुढे शुल्कासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने पदवीचे मूल्य पहिल्या पगारावरच मोजले जाणे स्वाभाविक होते. ‘प्लेसमेंट’ हा शब्द पालकांच्या तोंडी बसला, त्यामागे हे अर्थकारण आहे.

कंपनीची प्रश्नपत्रिका

१९९१ नंतरचे आर्थिक उदारीकरण, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आणि शतकाअखेरीचा ‘वायटूके’ प्रश्न यांमुळे मनुष्यबळाची मागणी झपाट्याने वाढली. सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी संगणक शाखेपुरते न थांबता यंत्र, स्थापत्य, विद्युत अशा सर्व शाखांचे पदवीधर घेतले. प्रत्यक्ष काम शिकविण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती. इन्फोसिसचे म्हैसूर येथील व टीसीएसचे तिरुवनंतपुरम येथील प्रशिक्षण केंद्र सर्वपरिचित आहे. उमेदवाराला काय येते यापेक्षा तो किती लवकर शिकेल, हे त्यांना पाहावयाचे होते. म्हणून लेखी चाचणीत अंकगणित, तर्क आणि इंग्रजी आले. त्यानंतर गटचर्चा व मुलाखत.

यांपैकी जवळजवळ काहीच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हते. पुणे विद्यापीठाचे २००३, २००८, २०१२, २०१५ व २०१९ चे ‘पॅटर्न’ आले; प्राध्यापकांनी सत्रांत परीक्षेची, टर्मवर्कची व ओरलची घडी प्रत्येक वेळी नव्याने बसविली; आणि विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षापासून दुसराच अभ्यास आरंभला. आर. एस. अगरवाल यांचे अंकगणिताचे पुस्तक आणि शकुंतला देवी यांची कोडी वसतिगृहातील खोल्यांतून फिरू लागली. संगणकाच्या भाषेसाठी नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक होते. सोप्या इंग्रजीत, जणू समोर बसवून शिकवावे अशा रीतीने लिहिलेल्या या पुस्तकाने ग्रामीण विद्यार्थ्याला जे दिले, त्याची नोंद मराठी शिक्षणाच्या इतिहासात व्हावयास हवी. महाविद्यालयात कंपनी न आल्यास पुणे गाठावयाचे, मित्राच्या खोलीवर उतरावयाचे आणि हिंजवडीच्या फेऱ्या मारावयाच्या, हाही तयारीचाच भाग होता. त्यातच २००१ व २००८-०९ च्या मंदीत निवडपत्रे हाती असूनही रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या.

साठ टक्के आणि इंग्रजी

चाचणीच्याही आधी एक अट असे. दहावी, बारावी व पदवी या तिन्ही टप्प्यांवर किमान ६० टक्के गुण हवेत, एटीकेटी शिल्लक नको आणि शिक्षणात मोठा खंड नको, असा दंडक अनेक मोठ्या कंपन्यांनी ठेवला. हजारो अर्जांची चाळणी करावयाची तर ही सोय समजण्यासारखी आहे. परंतु या दंडकाचा आपल्या जिल्ह्यातील अर्थ निराळा आहे. पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोड मजूर कारखान्यांच्या हंगामासाठी स्थलांतर करतात. साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांच्या मुलांची शाळा सुटते किंवा विस्कळीत होते. अशा घरातील मुलगा दहावीला ५७ टक्क्यांवर राहिला आणि पुढे जिद्दीने अभियांत्रिकीत प्रथम श्रेणीत आला, तरी वयाच्या पंधराव्या वर्षीची गुणपत्रिका एकविसाव्या वर्षी त्याची वाट अडविते. ज्या साखरेच्या बळावर महाविद्यालय उभे राहिले, तिच्याच हंगामाने त्याचे तीन टक्के नेले, असे म्हणणे कठोर वाटेल. पण ते अवास्तव नाही.

इंग्रजीचा प्रश्न पिढीनुसार बदलत गेला. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये सुरू झाले. तोवर ते पाचवीपासून शिकविले जाई. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी वेळेवर पुढे जात राहिली तरी २०१२ मध्ये बारावी होऊन २०१५-१६ मध्ये कंपन्यांच्या मुलाखतींपर्यंत पोहोचली. भरतीचा सर्वांत मोठा बहर ज्या काळात आला, त्या काळातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी हा पाचवीपासून इंग्रजी शिकलेला होता. त्याला गणित येत असे, ‘सी’मध्ये आज्ञावली लिहिता येत असे, गटचर्चेत तोंड उघडण्यापूर्वी मात्र वाक्य मनात मराठीतून जुळवून मग त्याचे भाषांतर करावे लागे. तेवढ्यात विषय पुढे गेलेला असे. महाविद्यालयांनी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाखाली भरविलेले वर्ग या अडचणीवर वरवरचे ठरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाषेच्या अडचणीला त्यांनी स्वभावाचा दोष मानले.

उत्पादक कंपन्या आणि नवी चाळणी

गेल्या दशकात गूगल, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन यांसारख्या कंपन्यांच्या नोकऱ्यांचे आकर्षण वाढले. त्यांची मुलाखत निराळी असते : विदा-संरचना आणि अल्गोरिदम यांवरील अपरिचित प्रश्न तासाभरात, विचार मोठ्याने मांडत, सोडवून दाखवावयाचा. हे विषय आपल्या अभ्यासक्रमात आहेत. परंतु विद्यापीठाची प्रश्नपत्रिका बहुशः ‘स्पष्ट करा’ म्हणते आणि ही मुलाखत ‘करून दाखवा’ म्हणते. सरावाची साधने आता महाजालावर बहुतांशी विनामूल्य आहेत. २०१८ मध्ये टीसीएसने राष्ट्रीय पात्रता चाचणी सुरू केल्यावर महाविद्यालयाच्या नावाचा अडसरही काही अंशी दूर झाला. दुसरीकडे, २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास मान्यता दिली; मोठ्या कंपन्यांच्या चाचण्या मात्र इंग्रजीतूनच होत राहिल्या.

या विषयाच्या अभ्यासकाला साधनांची एक उणीव जाणवते. निवड झालेल्यांची नावे, कंपनी व वेतन प्लेसमेंट विभागाच्या वार्षिक अहवालात आणि प्रवेशद्वारावरील फलकावर असतात. किती जण पात्रतेच्या अटीवर गळाले, किती लेखी चाचणीत आणि किती गटचर्चेत, त्यांपैकी कितींचे माध्यम मराठी होते, हे त्यांतून कळत नाही. उपस्थितीच्या जुन्या याद्या व शाळा सोडल्याचे दाखले महाविद्यालयाच्या कार्यालयांत अद्याप शिल्लक असतील, तर हा हिशेब एखाद्या तुकडीपुरता तरी मांडता येईल.