मुखवटा आणि कबुलीजबाब

आम्हां वकिलांच्या धंद्यात कबुलीजबाब ह्या शब्दाला फार वजन आहे. स्वतःच्या अहिताची गोष्ट माणूस उगाच सांगणार नाही, ज्या अर्थी सांगतो त्या अर्थी ती खरी असली पाहिजे, अशी त्यामागची साधी समजूत. परंतु पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने अग्राह्य ठरविला, आणि २०२४ साली त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या अधिनियमातही तो नियम कायम राहिला. बोलणारा कोणापुढे बोलतो, कोणत्या धाकाखाली बोलतो, ह्यावर कबुलीची किंमत ठरते, हे त्यातले मर्म.

जुलै १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक जपानी कादंबरी वाचताना मला ह्या नियमाची वारंवार आठवण झाली. तिचे नाव ‘कामेन नो कोकुहाकु’, म्हणजे मुखवट्याची कबुली. लेखक युकिओ मिशिमा. तेव्हा वय अवघे चोवीस. मिशिमा हे टोपणनाव. खरे नाव किमिताके हिराओका. टोकियोच्या विद्यापीठाचा हा विधिपदवीधर १९४७ च्या अखेरीस अर्थखात्यात अधिकारी म्हणून रुजू झाला आणि पुढच्याच सप्टेंबरात राजीनामा देऊन घरी बसला. तो कशासाठी, तर ह्या पुस्तकासाठी. आपले मन स्त्रीकडे न ओढता पुरुषाकडे ओढते, हे एका मुलाला हळूहळू कसे उमगले आणि उमगल्यावर ते त्याने सर्वांपासून कसे लपविले, त्याची ही कथा आहे.

स्वतःचे गुपित कादंबरीत सांगण्याची रीत जपानात त्यापूर्वी चाळीस वर्षे चालत आली होती. तिला तिकडे ‘वाताकुशि शोसेत्सु’, म्हणजे ‘मी’ची कादंबरी, म्हणतात. १९०६ साली तोसोन शिमाझाकीने ‘हाकाइ’ लिहिली. तिचा नायक एक शाळामास्तर; अस्पृश्य मानलेल्या जमातीत जन्मलेला. आपली जात कोणालाही सांगू नकोस, ही बापाची आज्ञा तो मोडतो आणि वर्गातल्या मुलांपुढे गुडघे टेकून खरे सांगतो. १८७१ च्या फर्मानाने हा भेद कायद्यातून गेला होता, लोकांच्या मनातून गेला नव्हता. आपल्याकडील वाचकाला हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. पुढच्याच वर्षी काताई तायामाने ‘फुतोन’मध्ये आपल्या तरुण शिष्येवर जडलेल्या मनाची लाजिरवाणी हकीकत मांडली. ह्या पिढीतील कित्येकांचा ख्रिस्ती धर्माशी संबंध आलेला होता. तोसोनने तर १८८८ साली बाप्तिस्मा घेतला होता. गोव्यातील ख्रिस्ती बांधव ज्याला कुमसार म्हणतात, तिची काही छाया त्या लेखनावर पडली असावी. फरक एवढाच की कुमसार पाद्रीच्या कानात राहते, कादंबरी बाजारात जाते. तोसोनने पुढे १९१८-१९ मध्ये आपल्या पुतणीशी आलेल्या संबंधाची कबुली ‘शिन्सेइ’ ह्या कादंबरीत दिली. कबुली एकाची, पण उघडे पडले दोघे.

मिशिमाचा नायक कशाला भीत होता? कायद्याला नव्हे. जुन्या जपानात सामुराईंमध्ये आणि मठांतही पुरुषांतील प्रेम अपरिचित नव्हते. साइकाकूने १६८७ साली त्यावर कथांचे एक जाडजूड पुस्तकच लिहिले आणि ते लोकांनी आवडीने वाचले. पाश्चात्त्यांच्या पंक्तीस बसण्याच्या घाईत मेइजी सरकारने १८७२ साली पुरुषांतील संभोगाला गुन्हा ठरविले. १८७३ च्या संहितेत त्याला नव्वद दिवसांची कैद सांगितली. पण फ्रेंच कायदेपंडित बुआसोनाद ह्यांच्या साहाय्याने रचलेली नवी दंडसंहिता १ जानेवारी १८८२ पासून अमलात आली आणि तो गुन्हा पुस्तकातून नाहीसा झाला. जेमतेम दहा वर्षांचा हा खेळ. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले.

तेव्हा त्या मुलाला तुरुंगाचे भय नव्हते. भय होते ते जपानी भाषेत ज्याला ‘सेकेन’ म्हणतात त्याचे. आपल्याकडे त्याला चार लोक म्हणतात. ह्या चार लोकांना कोणी निवडून दिलेले नसते आणि त्यांच्या निकालावर अपील नसते.

कादंबरीचा पहिला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो बराचसा लेखकाच्या स्वतःच्या बालपणावरच उभा आहे. जन्मल्यावर दीड-दोन महिन्यांतच आजीने नातवाला आईपासून उचलून आपल्या आजारपणाच्या खोलीत नेले. दांडगाई नको म्हणून खेळायला मुलगे नाहीत. आजीने निवडलेल्या मुली तेवढ्या. मूल आईचे, पण ताबा आजीचा. मिशिमा बारा वर्षांचा होईपर्यंत हा प्रकार चालला. कादंबरीतला मुलगा एके दिवशी आईचा उंची किमोनो अंगाभोवती गुंडाळतो, तोंडाला पावडर फासतो आणि तेंकात्सू नावाच्या प्रसिद्ध जादूगारणीचे सोंग घेऊन आजीच्या खोलीत धावत जातो. त्याला वाटते, सारे हसतील. त्याची दृष्टी आईकडे जाते. आईचा चेहरा उतरलेला असतो आणि ती नजर खाली वळविते. कोणी रागे भरत नाही, मारीत नाही. एक मोलकरीण त्याला बाजूला नेऊन ते कपडे उतरविते, इतकेच. परंतु त्या खाली गेलेल्या नजरेत मुलाला आपल्याविरुद्धचा निकाल ऐकू येतो. मी आजवर पुष्कळ निकालपत्रे वाचली आहेत. इतके संक्षिप्त एकही नव्हते.

त्याच भागाच्या शेवटी उत्सवाचे दृश्य आहे. उन्हाळ्यातल्या जत्रेत देवाची पालखी, तिकडे तिला मिकोशी म्हणतात, तरुणांच्या खांद्यांवरून गावभर फिरते. ती एकाएकी नायकाच्या घराच्या फाटकातून आत घुसते आणि बागेतील झाडेझुडपे तुडविली जातात. घरातली मंडळी वर पळतात. मुलगा वरून पाहत राहतो, आणि त्याचे डोळे देवावर नसून पालखी वाहणाऱ्यांच्या बेभान चेहऱ्यांवर खिळलेले असतात. ज्याने पालखीचे भोई आणि त्यांच्या अंगात संचारलेली लय पाहिली आहे त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. मुलाला त्यात काय दिसले ते मात्र त्याच्यापुरते आहे.

येथे मुखवट्याविषयी थोडे विषयांतर करतो. आपल्या देवळांत पालखीत ठेवतात तो देवाचा मुखवटा खोटा चेहरा नव्हे. देव भक्ताला ज्या रूपात भेटतो ते रूप आहे. जपानच्या नो नाट्यातील मुखवट्यालाही ‘ओमोते’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ चेहरा असाही होतो. मिशिमा पुढे नो नाटकांची आधुनिक रूपे लिहिणारा लेखक झाला; त्याला ही छटा ठाऊक नव्हती असे मानता येत नाही. म्हणून मुखवटा काढून आतला चेहरा दाखविला, एवढा सरळ अर्थ त्याच्या शीर्षकातून निघत नाही. कबुली देतो आहे तो मुखवटाच. खरी कबुली मुळी देताच येत नाही, असे त्याने ह्या पुस्तकासंबंधी लिहूनही ठेवले होते.

कथेतला तरुण इतर मुले जे बोलतात ते पाठ करतो, मुलींविषयी त्यांच्याप्रमाणे बोलायला शिकतो आणि सर्वच माणसे असे नाटक करीत असावीत अशी स्वतःची समजूत घालतो. युद्ध येते. सैन्यभरतीच्या तपासणीत तो डॉक्टरला खोटी लक्षणे सांगतो आणि क्षयाच्या संशयावरून सुटतो. स्वतः मिशिमाही फेब्रुवारी १९४५ मध्ये अशाच चुकीच्या निदानाने घरी परतला होता. मृत्यूची स्वप्ने पाहणारा हा मुलगा फाटकाबाहेर पडताच धावत सुटतो. मग सोनोको. ही मित्राची बहीण, आणि तिच्यावर आपले प्रेम बसले असे तो मनाला बजावतो. तिच्या घरून लग्नाची विचारणा होते तेव्हा तो सभ्य शब्दांत टाळाटाळीचे पत्र धाडतो. ती दुसऱ्याची पत्नी होते. पुढे दोघे भेटत राहतात आणि त्या भेटींना नाव नसते. समीक्षकांनी नायकाच्या दुःखाविषयी पुष्कळ लिहिले आहे. सोनोकोवर जो अन्याय झाला त्याची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली. आपण कोणत्या खटल्यात पक्षकार होतो, हे त्या बाईला शेवटपर्यंत कळत नाही.

मिशिमाने १९५८ साली लग्न केले. त्याला दोन मुले झाली. पुस्तकातला ‘मी’ म्हणजे तोच की नव्हे, हे त्याने झाकलेही नाही आणि उघडही केले नाही.

आणि ह्याच लेखकावर जपानातील खाजगी आयुष्याच्या हक्काचा पहिला गाजलेला दावा दाखल व्हावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. १९६० सालच्या ‘उतागे नो आतो’ ह्या कादंबरीत त्याने एक वृद्ध राजकारणी आणि उपाहारगृहाची मालकीण ह्यांचा संसार रंगविला. माजी परराष्ट्रमंत्री हाचिरो आरिता हे १९५९ मध्ये टोकियोच्या राज्यपालपदाची निवडणूक हरले होते. हे चित्र आपलेच, असे म्हणून त्यांनी १९६१ साली लेखक व प्रकाशक ह्यांवर दावा लावला. २८ सप्टेंबर १९६४ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने आरितांना आठ लाख येन नुकसानभरपाई देवविली. वाचकाला खरी वाटेल अशी खाजगी गोष्ट, सामान्य माणूस जी चव्हाट्यावर येऊ देणार नाही अशी, आणि तोवर लोकांना माहीत नसलेली. हे तीन धागे जुळले की हक्काचा भंग झाला, असे न्यायालयाने ठरविले. कलाकृती म्हणून पुस्तक चांगले असले तरी त्याने हा दोष धुऊन निघत नाही, हेही सांगितले. अपील चालू असता आरिता १९६५ साली वारले आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

ह्यानंतर मिशिमा १९६७ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून इकडे आला. काशी आणि आपली अजिंठ्याची लेणी त्याच्या ‘आकात्सुकि नो तेरा’ ह्या १९७० सालच्या कादंबरीत आहेत. ती पाहणारा होंदा हा वकील आहे. हाच होंदा उतारवयात भिंतीतल्या छिद्रातून परक्याचे एकान्त पाहतो! धंद्याची ही बदनामी मी हसून सोडून देतो. पण खाजगीपणाचा दावा हरलेल्या लेखकाने हे काम वकिलाकडे सोपवावे, हे माझ्या ध्यानात राहिले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मिशिमाने टोकियोच्या लष्करी तळावर पोट चिरून घेतले.

१९९८ साली जिरो फुकुशिमा ह्या लेखकाने मिशिमाशी असलेल्या आपल्या संबंधांवर पुस्तक लिहिले आणि त्यात मिशिमाची पत्रे छापली. वारस न्यायालयात गेले. १९९९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला: पत्र हीदेखील लेखकाची कृती, तेव्हा ती परवानगीवाचून छापता येत नाही. अब्रूचा प्रश्न अशा रीतीने लेखाधिकाराच्या कलमाखाली मिटला.

ह्या इतिहासाचे शेवटचे पान अलीकडचे आहे. २०१५ साली टोकियोजवळच्या कुनिताचि येथील एका विद्यापीठात, कायद्याचेच शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपले मन एका पुरुष सहाध्यायाजवळ उघड केले. त्याने ती गोष्ट मोबाइलवरील मित्रांच्या संदेशगटात जाहीर केली. ऑगस्टमध्ये तो विद्यार्थी विद्यापीठाच्या इमारतीवरून पडून मरण पावला. आईबापांनी दावा केला. त्या सहाध्यायाशी तडजोड झाली. विद्यापीठाविरुद्धचे अपील टोकियोच्या उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२० रोजी फेटाळले. मात्र दुसऱ्याचे असे गुपित त्याच्या इच्छेविरुद्ध उघड करणे हा त्याच्या खाजगीपणावरील बेकायदेशीर आघात आहे, असे त्या निकालपत्रात स्पष्ट नमूद आहे. कुनिताचिच्या नगरपालिकेने त्याआधीच, एप्रिल २०१८ पासून, आपल्या हद्दीत नियम लागू केला होता. आपली लैंगिक ओढ सांगणे हा ज्याचा त्याचा हक्क, आणि न सांगणे हादेखील. दुसऱ्याने ती बळेच वदवू नये, दडपू नये, चव्हाट्यावर आणू नये, असे त्यात लिहिले आहे.