‘सह’पासून ‘आणि’पर्यंत : बीथोवनचे पाच चेलो सोनाटा

चेलो आणि पियानो यांच्या मैफलीचे वर्णन मराठीत करताना ‘चेलोवादन, पियानोची साथ’ असा शब्दप्रयोग सहज सुचतो. गायक वा वादक मुख्य आणि इतर साथीदार ही हिंदुस्थानी मैफलीची रचना त्यामागे असते. तथापि, ज्या रचनांवर या मैफलीची परंपरा उभी आहे त्यांचा इतिहास पाहता हा शब्द अपुरा, किंबहुना दिशाभूल करणारा ठरतो.

अठराव्या शतकात चेलोचे स्थान दुहेरी होते. वाद्यमेळात तो प्रामुख्याने खर्जाचा आधार देई. विवाल्दी आणि बोकेरीनी यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र सोनाटा रचले खरे. पण त्यांत त्याच्या जोडीला केवळ खर्जाची ओळ लिहिलेली असे. कळफलकाच्या वाद्यासाठी स्वतंत्र, पूर्ण लिहिलेला भाग त्यांत नव्हता. हायडन आणि मोझार्ट यांनी तर चेलो व पियानो यांच्यासाठी एकही सोनाटा मागे ठेवला नाही.

१७९६ साली बीथोवन बर्लिनला गेला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम स्वतः चेलो वाजवीत असे आणि द्यूपोर बंधूंसारखे श्रेष्ठ चेलोवादक त्याच्या पदरी होते. या दरबारासाठी बीथोवनने रचनाक्रमांक ५ चे दोन सोनाटा लिहिले व स्वतः पियानोवर बसून द्यूपोरसमवेत सादर केले. राजाने त्याला सोन्याच्या नाण्यांनी भरलेली सोन्याची तपकिरीची डबी दिल्याचे त्याचा शिष्य रीस याने नोंदवले आहे. १७९७ मध्ये व्हिएन्नात छापलेल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र ‘हार्पसिकॉर्ड किंवा पियानोसाठी, अनिवार्य चेलोसह’ असे शब्द आहेत. म्हणजे दरबार चेलोचा, पण शीर्षकात अग्रमान पियानोचा. ‘साथ’ असलीच तर ती चेलोची होती. आणि ‘अनिवार्य’ या विशेषणाने तीही नुसती साथ उरत नव्हती.

१८०९ साली प्रसिद्ध झालेल्या रचनाक्रमांक ६९ च्या मुखपृष्ठावर ‘सह’ जाऊन ‘पियानो आणि चेलो’ असे शब्द आले. हा बदल केवळ प्रकाशकीय नव्हता. या सोनाटाच्या आरंभी चेलो एकटाच बोलतो; पियानो मौन पाळून नंतर त्याचे वाक्य पुरे करतो. पहिल्या भागाच्या हस्तलिखिताचा अभ्यास लुईस लॉकवूड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसते की, मधल्या विस्तारखंडात बीथोवनने दोन्ही वाद्यांची कामे खोडून नव्याने वाटली. समानता त्याला अनायासे लाभली नव्हती. ती खाडाखोडीतून घडवावी लागली.

१८१५ च्या रचनाक्रमांक १०२ मधील दोन सोनाटांची पार्श्वभूमी निराळी होती. १८१४ च्या अखेरच्या दिवशी राझुमोव्स्कीचा प्रासाद जळाला. त्याच्या आश्रयाला असलेला चेलोवादक लिंके पुढे काउंटेस एर्डोडी यांच्याकडे राहिला. काउंटेस स्वतः उत्तम पियानो वाजवीत. राजाश्रयाची जागा येथे स्नेहमंडळाने घेतली. यांतील दुसऱ्या सोनाटाच्या अखेरीस फ्यूग येतो. त्यात एकच विषय दोन्ही वाद्यांतून फिरतो आणि मुख्य-गौण हा भेद लोपतो.

म्हणूनच अशा मैफलीसाठी ‘साथ’ऐवजी ‘सहवादन’ हा शब्द अधिक न्याय्य ठरतो. पियानोवादकाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरांत छापले गेले, तर बीथोवनने वीस वर्षांत मिळवलेला ‘आणि’ पुन्हा ‘सह’ होतो.